छातीवरच्या पदकांचा हिशेब

ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांची चरित्रे एका ठरावीक साच्यातून निघतात. जन्म, पलटण, लढाया, बढत्या आणि अखेरीस पदकांची यादी. यादी जितकी लांब, तितका माणूस थोर. या साच्यात फील्डमार्शल लॉर्ड रॉबर्ट्स अगदी चपखल बसतो. १८३२ साली कानपूरला जन्म, १८५१ साली कंपनीच्या बंगाल तोफखान्यात नेमणूक, १८५८ साली व्हिक्टोरिया क्रॉस, १८८० साली कंदाहार, १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती, १९०० साली प्रिटोरिया, मग अर्ल ही पदवी आणि १९१४ साली फ्रान्सच्या भूमीवर मृत्यू. यादी खरी आहे. परंतु साम्राज्यशाहीचा इतिहास पदकाच्या दर्शनी बाजूवरून वाचण्याची जी खोड आपल्याकडील सुशिक्षितांनाही जडली आहे, ती या यादीच्या निमित्ताने तपासून पाहण्याजोगी आहे.

व्हिक्टोरिया क्रॉसपासूनच आरंभ करावा. २ जानेवारी १८५८ रोजी फरुखाबादजवळ खुदागंज येथे बंडवाल्या शिपायांची फळी फुटली आणि ते मागे हटू लागले. निशाण घेऊन निघालेल्या दोघा शिपायांचा रॉबर्ट्सने पाठलाग केला. त्यांपैकी एकाने बंदूक त्याच्या अंगाला भिडवून चाप ओढला. बार उडाला नाही. निशाण रॉबर्ट्सच्या हाती आले. त्याच दिवशी एका हिंदी स्वाराला संगिनीने रोखून धरणारा दुसरा शिपाई त्याने कापून काढला. येथे धाडस नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. मात्र ज्याचा जीव वाचला तो स्वार त्याच लढाईत, त्याच बाजूने लढत असूनही व्हिक्टोरिया क्रॉसला अपात्र होता! हिंदी शिपायाला ते पदक मिळण्याची मुभा १९११ साली झाली. तोवर त्याच्यासाठी वेगळी 'ऑर्डर ऑफ मेरिट' होती. शौर्यालाही कातडीचा रंग लावणारी ही व्यवस्था पदकांच्या याद्यांत कधी दिसत नाही.

रॉबर्ट्स तोफखान्याचा माणूस. १८५७ साली तोफ केवळ रणांगणावर चालली नाही. त्या वर्षी जूनमध्ये पेशावर येथे ५५ व्या पलटणीच्या चाळीस शिपायांना तोफांच्या तोंडी बांधून उडवण्यात आले. रॉबर्ट्स ज्या फिरत्या फौजेबरोबर होता तिनेही त्याच सुमारास लाहोर येथे दोघांना ही शिक्षा दिली. दृश्य भीषण असले तरी शिक्षा परिणामकारक आहे, असे मत या तरुण अधिकाऱ्याने घरच्या पत्रात नोंदवून ठेवले. बंड मोडल्यावर राज्यकर्त्यांनी धडा घेतला तो असा, की डोंगरी तोफखान्याच्या मोजक्या तुकड्या वगळता हिंदी माणसाच्या हाती तोफ द्यावयाची नाही. हिंदी गोलंदाजांची पहिली मैदानी तुकडी बंगलोर येथे उभी राहिली ती १९३५ साली. ज्यांच्यावर राज्य करावयाचे त्यांच्यावर किती विश्वास होता, याचे माप यापेक्षा चोख कोणते?

१८७९ साली काबूलमध्ये ब्रिटिश वकील कॅव्हान्यरी मारला गेला आणि सूड घेण्याचे काम रॉबर्ट्सकडे आले. लष्करी न्यायमंडळे बसली, बाला हिसारच्या किल्ल्यात फासाचे खांब उभे राहिले आणि सत्त्याऐंशी अफगाण लटकवले गेले. त्यांतील कित्येकांचा गुन्हा इतकाच, की स्वतःच्या देशात घुसलेल्या परक्या फौजेशी ते लढले. याविरुद्ध खुद्द इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅरिसनसारख्यांनी झोड उठवली. 'त्या काळी असेच चालत असे' ही आजच्या समर्थकांची सबब त्यामुळे टिकत नाही. त्या काळातच तिला उत्तर देणारी माणसे होती.

पुढच्याच वर्षी काबूल ते कंदाहार ही गाजलेली दौड झाली. सुमारे दहा हजार सैनिक, त्यांत सात हजारांवर हिंदी, आणि त्यांच्या मागे खेचरवाले, डोलीवाले, भिस्ती असे सुमारे आठ हजार बाजारबुणगे. जिंकलेल्या तोफा वितळवून या दौडीचा कांस्य तारा पाडण्यात आला. रॉबर्ट्सच्या व्होनोलेल या घोड्यालाही राणीने तारा आणि अफगाण युद्धाचे पदक दिले. (हे नाव लुशाई टेकड्यांतील एका राजाचे, त्याच्या मुलखावर चढाई करून आल्यावर ते घोड्याला ठेवले.) घोड्याचे नाव, पदके, डब्लिनमधले थडगे, सारे लिहून ठेवलेले सापडते. त्या आठ हजारांतील एकाचे तरी नाव सांगता येईल काय?

ही दौड ज्या पराभवामुळे करावी लागली तो मैवंदचा पराभव तर मुंबई इलाख्याच्या जिव्हारी लागलेला. २७ जुलै १८८० रोजी तेथे साडेनऊशेहून अधिक सैनिक पडले. त्यांत मुंबईच्या पहिल्या ग्रेनेडियर पलटणीचे साडेतीनशेहून अधिक होते. डाव चुकला गोऱ्या सेनापतीचा; डाग लागला तो मुंबईच्या फौजेला. रॉबर्ट्सने आधी मद्रासचा आणि मग साऱ्या हिंदुस्थानचा सेनापती म्हणून 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त लष्करात रुजवला. उत्तरेकडचे गुरखे, शीख, पठाण तेवढे मर्द. दक्षिणेकडचा माणूस बायकी, हे मत त्याने १८९७ सालच्या आपल्या आत्मचरित्रातही निःसंकोच मांडले. त्याच्या सेनापतिपदाच्या अखेरीस, १८९२-९३ च्या सुमारास, महारांची लष्करभरती बंद झाली.

या एका निर्णयाने काय हिरावले गेले, हे पगाराच्या आकड्यात मोजता येणार नाही. गावगाड्याने ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्या माणसाला पलटणीत गणवेश, नियमित वेतन, निवृत्तिवेतन आणि मुख्य म्हणजे शाळा मिळत होती. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत शिकवीत. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव १८९१ साली महूच्या छावणीत जन्मला आणि दोनएक वर्षांतच पुढच्या पिढीसाठी ते दार लागले. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारसाठी विनंतीपत्र तयार केले. ज्यांच्या वाडवडिलांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आहेत, त्यांनाच 'तुम्ही लढाऊ नाही' असे कागदावर सांगण्यात आले होते. उच्चवर्णीयांची जातिव्यवस्था आणि साहेबाचे वंशशास्त्र यांचे असे गोत्र जुळले. रॉबर्ट्सच्या पदकांच्या यादीत या कामगिरीसाठी पट्टी नाही.

गोऱ्या शिपायांत तो लोकप्रिय होता, त्यांच्या सुखसोयींकडे लक्ष देई, हे त्याचे भक्त सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु दक्षिण आफ्रिकेत १९०० साली याच कनवाळू सेनापतीच्या हुकमाने बोअर शेतकऱ्यांची घरे जाळण्यास आरंभ झाला आणि बायकामुलांच्या छावण्यांची सुरुवातही त्याच्याच कारकिर्दीत झाली. किचनरने पुढे त्यांचा विस्तार केला. त्या छावण्यांत सुमारे अठ्ठावीस हजार गोरे मेले, त्यांतील बहुतेक मुले. काळ्यांच्या निराळ्या छावण्यांत नोंदलेले मृत्यूच चौदा हजारांवर आहेत. रॉबर्ट्सला पार्लमेंटने एक लाख पौंड बक्षीस दिले.

त्याच युद्धात नाताळमध्ये गांधींच्या शुश्रूषा पथकातील सुमारे अकराशे हिंदी माणसांनी जखमी वाहून नेले. त्यांतील बहुसंख्य गिरमिटिया मजूर. कोलेन्सो येथे रॉबर्ट्सचा मुलगा तोफा वाचवताना पडला, त्याचा देह उचलण्याचे कामही या पथकाकडे आले होते. पदके मिळाली ती सदतीस पुढाऱ्यांना. त्यांतील आपले पदक गांधींनी जपून ठेवले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी, पंजाबातील अत्याचार आणि खिलाफतीचा प्रश्न पुढे करून, त्यांनी ते इतर दोन पदकांसह व्हाइसरॉयकडे परत पाठवून दिले.