चार हात पुढे

सफाळ्यात किराणा मालाचे दुकान चालवणाऱ्या एका श्रावकाच्या रक्तातील साखर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वाढलेली आढळली. सकाळी सात ते रात्री नऊ गादीवर बसणाऱ्या माणसास वैद्य जे सांगतात तेच त्यांनाही सांगितले गेले: हिंडाफिरायला लागा. गृहस्थांनी आज्ञा पाळली, परंतु आपल्या पद्धतीने. त्यांनी जाड दातेरी टायरांची, पुढे धक्के झेलणारा काटा आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली डोंगरी सायकल विकत घेतली. तिची किंमत त्यांनी घरात कित्येक महिने सांगितली नाही. आपले नाव छापू नये एवढीच त्यांची अट आहे आणि ती येथे पाळली आहे.

सफाळे स्थानकाच्या पश्चिमेला एडवण, दातिवरे, केळवे अशी समुद्राकाठची गावे, वाड्या, खाजणे आणि पानवेलींचे मळे. पूर्वेला तांदूळवाडीचा डोंगर. माथ्यावर जुना किल्ला आहे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि आकाश स्वच्छ असले की वैतरणेचे वळण व त्यापलीकडील समुद्र एका नजरेत येतो. या डोंगराला वळसा घालून घाटरस्ता वरई फाट्याकडे, म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जातो. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पायवाटा फुटतात: पाड्यांकडे जाणाऱ्या, पाणवठ्याकडे उतरणाऱ्या, गुरांनी पाडलेल्या. एका वेळी एकच माणूस किंवा एकच चाक जाईल एवढ्याच रुंद. आपण ज्याला पायवाट म्हणतो त्यालाच या छंदातील मंडळी ‘सिंगलट्रॅक’ म्हणतात आणि तिच्या शोधात दूरदूर जातात.

या वाटेवर सायकल चालवणे ही डांबरी रस्त्यापेक्षा अगदी निराळी विद्या आहे. उतारावर बैठकीवर बसायचे नसते. दोन्ही पायटे समपातळीत ठेवून त्यांवर उभे राहायचे, गुडघे आणि कोपरे सैल सोडायची, वजन किंचित मागे न्यायचे. सायकल थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, पण तोच अधिक दाबला तर स्वार चाकावरून पुढे फेकला जातो. टायरमधील हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवायची, म्हणजे रबर दगडाला धरून राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नजर लांब ठेवायची. चाकाजवळच्या दगडाकडे पाहिले की चाक नेमके त्याच दगडावर जाते. श्रावकांना हे उमगेपर्यंत त्यांची दोन्ही कोपरे चार-पाचदा सोलवटून निघाली.

पहिल्या वर्षीच्या पौषात एका वळणावर ते वेगाने उतरत असता समोरून डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक पाड्यावरची बाई आली. ब्रेक लागले, सायकल थांबली, कोणाला लागले नाही. पण बाई दचकून करवंदीच्या जाळीत सरकली आणि मोळी गडगडत खाली गेली. ही बाई त्यांच्या दुकानात तेलमीठ घेणारी, उधारीच्या वहीतली. श्रावक खाली उतरून मोळी वर घेऊन आले. पोती उचलण्याची आयुष्यभराची सवय असल्याने त्यांना वजन हातातच कळले: पंचवीस किलोच्या साखरेच्या पोत्याहून ते कमी नव्हते. त्यांची सायकल चौदा किलोंची. ती हलकी राहावी म्हणून त्यांनी घंटीसुद्धा काढून टाकलेली.

बाईने मोळी पुन्हा डोक्यावर चढवून घेतली आणि म्हणाली, “म्हशीच्या गल्यात पन घंटी असते, शेठ. तुझ्या सायकलीला नाय?”

त्याच दिवशी संध्याकाळी घंटी बसली. सफाळ्यात ती पस्तीस रुपयांना मिळाली.

परदेशातही या खेळाच्या वाट्याला हाच प्रश्न आला होता. कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपायसच्या परिसरात काही तरुण जुन्या, वजनदार सायकली डोंगरावरून खाली सोडत. तेथील एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. उताराचे नाव ‘रिपॅक’ पडले, कारण उलटे पायटे मारून लागणारा मागचा ब्रेक एका फेरीतच इतका तापे की त्यातील ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. जो फेरी सर्वांत कमी वेळात उतरेल तो पहिला, असा साधा हिशेब. पुढे हौस वाढली तशी पायी हिंडणारे आणि घोडेस्वार यांच्या तक्रारीही वाढल्या, अनेक वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा १९८८ साली सायकलस्वारांनीच आपली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि वाटेवरचे नियम घालून घेतले. पायी चालणाऱ्यास आधी वाट द्यावी, उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबावे, जनावरांना बिचकवू नये, ओल्या मातीत चाकोऱ्या पाडू नयेत. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून या खेळाला पदके मिळू लागली. महाराष्ट्रातही संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने राष्ट्रीय पातळीवर या प्रकारात नाव मिळवले आहे.

श्रावक अशा खेळाडूंच्या पंक्तीतले नव्हेत. दुसऱ्या हिवाळ्यात घाटावरच्या एका हौशी स्पर्धेत त्यांनी भाग घेतला तेव्हा ते शेवटून चौथे आले. त्या दिवसाची त्यांची आठवण निराळीच आहे. वाटेतल्या खानपानाच्या टेबलावर उकडलेले बटाटे मीठ लावून ठेवलेले होते, शक्तीसाठी दिल्या जाणाऱ्या एका पाकिटावर घटकांत मध लिहिलेला होता. त्यांनी खिशातल्या खाकऱ्यावर आणि गूळपापडीवर निभावले. एरवीही पहाटे निघाले तरी नवकारसीआधी, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे होईपर्यंत, ते पाणी घेत नाहीत. सोबतच्या तरुणांना याचे आश्चर्य वाटते. त्यांना स्वतःला वाटत नाही. सवयीच्या गोष्टीचे कोणालाच वाटत नाही.

खरा प्रश्न पुढच्या उन्हाळ्यात उभा राहिला. काही साध्वीजी सफाळ्याहून वरईच्या दिशेने विहार करणार होत्या. महामार्गावर आणि घाटांत विहार करताना होणारे अपघात हे समाजाचे नित्याचे दुःख झाले आहे. तेव्हा परावर्तक पट्ट्यांचे जाकीट घालून, लाल दिवा लावून, सायकलवरून मागे राहण्याचे काम या श्रावकांनी आपण होऊन घेतले. पायी चालणाऱ्याच्या वेगाने सायकल चालवणे सोपे नसते. ती डुलू लागते. पहिल्याच चढाला त्यांनी ती हातात धरली आणि चालू लागले.

विसाव्याला साध्वीजींनी सहज विचारले, “डोंगरात ही कशी चालवता?”

“महाराजसाहेब, नजर लांब ठेवावी लागते. चाकाजवळ पाहिले तर माणूस पडतो.”

“किती लांब?”

“वीस-पंचवीस हात.”

“मग चाकाखाली कोण पाहतो?”

एवढेच बोलणे झाले. त्यांनी सायकल सोडा असे म्हटले नाही, कोणता नियमही दिला नाही.

इर्यासमितीत चालणाऱ्याने युगप्रमाण भूमी, म्हणजे पुढची साडेतीन-चार हात जमीन, पाहून पाऊल टाकावे असे सांगितले आहे. ती साधूंसाठी असली तरी जयणा श्रावकालाही आहेच. व्यापारी माणसाने घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. चार हात म्हणजे सहा फूट, सुमारे एक मीटर ऐंशी सेंटीमीटर. ताशी चार किलोमीटर चालणारा माणूस हे अंतर दीड सेकंदाहून थोड्या अधिक वेळात ओलांडतो. तेवढ्यात पाऊल बाजूला ठेवता येते. ताशी पंधरा किलोमीटर जाणारी सायकल ते अर्ध्या सेकंदाच्या आत संपवते. उतारावर वेग पंचवीस झाला तर पाव सेकंद. डोळ्याने पाहून बोटाने ब्रेक दाबायलाच पाऊण सेकंद लागतो असे धरले, तर चार हातांत थांबू शकणारी सायकल ताशी सहा किलोमीटरच्या वर चालवता येत नाही. म्हणजे ती चालवण्यात फारसा अर्थ उरत नाही. हिशेब तीनदा तपासला. उत्तर बदलले नाही.

मग जून उजाडला. पहिल्या सरीनंतर वाटेवर मखमली लाल मृगाचे किडे निघाले, पैसे आणि गोगलगायी निघाल्या, ओढ्याकाठी बोटाच्या पेराएवढ्या बेडक्या उड्या मारू लागल्या. सायकलस्वारांचा हा सर्वांत लाडका ऋतू: माती मऊ, हवा गार, डोंगर हिरवागार. त्या रविवारी श्रावक घरी आले, सायकल धुताना टायरच्या दातांतून माती काढू लागले, आणि त्या मातीत लाल ठिपके होते.

लहानपणापासून ते सामायिकाच्या आरंभी इरियावहियं सूत्र म्हणत आले आहेत. येता-जाता जे जीव दुखावले गेले त्यांच्याविषयीचे ते सूत्र मोघम क्षमा मागत नाही. ते यादी देते: बीजे, हिरवी वनस्पती, दव, मुंग्यांची बिळे, शेवाळ, पाणी आणि माती, कोळ्याची जाळी. पाठ असलेल्या गोष्टीचा अर्थ पाठांतरातच झाकला जातो. ज्या कोणी ही यादी केली तो पावसाळ्यातल्या पायवाटेने चाललेला होता, हे त्यांना त्या संध्याकाळी नळाखाली टायर धुताना कळले.

आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पायवाटेवर चाक घालायचे नाही, असे त्यांनी ठरवले. चातुर्मासात फिरायचेच तर पायी, किंवा उजाडल्यावर डांबरी रस्त्याने केळव्यापर्यंत. घरात मात्र यावर वाद झाला. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने विचारले, “बाबा, आपल्या दुकानाचा टेम्पो पावसात रोज वसईहून येतो. त्याच्या चाकाखाली काय येते ते कधी धुऊन पाहिलंत?” श्रावकांनी अनर्थदंडाची गोष्ट काढली. श्रावकाच्या बारा व्रतांतील आठवे व्रत प्रयोजनावाचून होणारी हिंसा टाळायला सांगते. टेम्पो उपजीविकेसाठी, सायकल हौसेसाठी. मुलगा म्हणाला, “तुमची साखर तीन वर्षांत आटोक्यात आली, ती हौस म्हणायची की औषध?”

मुलाचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. प्रयोजन कोणते आणि हौस कोणती याची रेघ प्रत्येक जण आपल्या सोयीच्या बाजूला थोडी सरकवून ओढतो, आणि धंद्याच्या बाबतीत तर ती फारच उदारपणे ओढली जाते. पण टेम्पोचे पाप दाखवून सायकलचे पाप फिटते असा जमाखर्चही कोठे होत नाही. औषध म्हणावे तर चालणे हेही औषधच होते आणि वैद्यांनी तेच आधी सांगितले होते. श्रावक वादात जिंकले नाहीत. त्यांनी नियम मात्र मोडला नाही.

त्याची किंमतही पडली. एका स्पर्धेचे शुल्क त्यांनी उन्हाळ्यातच भरले होते. तिची तारीख दिवाळीनंतरच्या रविवारी, पौर्णिमेच्या चार दिवस अलीकडे निघाली. तिथी पाहूनच दुकानाची पूजा करणारा माणूस येथे चुकला. शुल्क परत मिळत नव्हते. वसई-विरारकडच्या मित्रांनी समजावले, चार दिवसांनी काय होते, पाऊस तर केव्हाच गेला. ते गेले नाहीत. त्या रविवारी त्यांनी दुकान उघडे ठेवले आणि दिवसभर कोणाशी फारसे बोलले नाहीत.

कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल बाहेर निघाली. चार महिन्यांत वाट गवताने अर्धी झाकली गेली होती. पहिल्याच वळणाआधी, कुड्याच्या फांदीपासून करवंदीच्या जाळीपर्यंत, नेमके चेहऱ्याच्या उंचीवर कोळ्याचे मोठे जाळे ताणलेले होते, दवाने भरलेले. पूर्वी असे जाळे तोंडावर आल्यावरच कळे. आज वेग कमी होता म्हणून आधी दिसले. श्रावक उतरले, सायकल आडवी केली, खालून सरकवली आणि स्वतः वाकून पलीकडे गेले. मागून येणाऱ्या सोबत्याला त्यांनी हात दाखवून थांबवले व तसेच करायला सांगितले. अशी आणखी सहा जाळी लागली. वळणावर त्यांनी घंटी वाजवली. समोर कोणी नव्हते.

त्या दिवशी दुकान उघडायला वीस मिनिटे उशीर झाला. मोळीवाली बाई पायरीवर बसून होती.