रूळ आहेत, गाडी नाही

अमेरिकन कादंबरी आपल्या विद्यापीठांतून शिकविताना एक अडचण हटकून उभी राहते. विद्यार्थ्यांच्या मनातील अमेरिका मोटारींची आणि विमानांची असते. तिच्यात आगगाडीला जागा नसते. आणि आपण तर त्यांच्यापुढे थिओडोर ड्रायझर यांची 'सिस्टर कॅरी' (१९००) ठेवतो. तिची नायिका पहिल्याच प्रकरणात शिकागोच्या गाडीत बसते आणि जिच्यामुळे तिच्या आयुष्याला वळण लागते ती ओळख तिला डब्यातच होते. किंवा विला कॅथर यांची 'माय अँटोनिया' (१९१८) ठेवतो, जिची प्रस्तावनाच आयोवातून धावणाऱ्या गाडीत घडते. या कादंबरीतील जिम बर्डन पुढे एका रेल्वे कंपनीचा वकील होतो. आणि लहानपणी ज्या गाडीने तो नेब्रास्काला आला, तिच्याच पुढच्या डब्यात बोहेमियाहून आलेले अँटोनियाचे कुटुंब होते. भिन्न जगांतील माणसे एकाच इंजिनामागे, पण वेगवेगळ्या डब्यांतून, एकाच परक्या प्रांतात उतरतात, ही कल्पना आगगाडीवाचून सुचणे कठीण होते. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच: ती गाडी आज कुठे आहे?

उत्तर सरळ आहे आणि थोडे खिन्न करणारे आहे. कॅथर जिथे वाढल्या त्या रेड क्लाउड गावात उतारूंची गाडी थांबत नाही. जुने स्थानक वास्तू म्हणून जपून ठेवले आहे. नेब्रास्का ओलांडणारी दूर पल्ल्याची गाडी एकच, आणि तीही बहुतेक राज्य रात्रीच्या अंधारात पार करते. ज्या गवताळ प्रदेशाचे वर्णन वाचून आपण हरखून जातो, तो गाडीच्या खिडकीतून आज फारसा दिसतच नाही.

या ऱ्हासाची कथा 'काळाचा महिमा' या दोन शब्दांत गुंडाळण्याची प्रथा आहे. मोटार आली, विमान आले, आगगाडी मागे पडली. त्यात कोणाचा दोष नाही आणि कोणाची जबाबदारीही नाही, असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाला हे मान्य नाही. मोटार आणि विमान युरोपातही आले, जपानातही आले. तेथे आगगाडी राहिली. अमेरिकेत जे झाले ते काळाने केले नाही, माणसांनी केले, आणि त्यांतील पुष्कळसे कायद्याच्या कागदावर तारखांसह नोंदलेले आहे.

आधी वैभव किती होते ते पाहिले पाहिजे. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रोमंटरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले. १९१६ च्या सुमारास देशातील लोहमार्गांची लांबी अडीच लाख मैलांच्या वर गेली होती. घड्याळेसुद्धा रेल्वेने लावली: १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी देशाचे कालविभाग पाडले, आणि सरकारने त्यांना कायद्याची मान्यता दिली ती १९१८ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. या वैभवाची एक साक्ष आपल्या भाषेतही आहे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेलेल्या पंडिता रमाबाई १८८८ पर्यंत त्या देशात राहिल्या आणि बालविधवांच्या शाळेसाठी साहाय्य मिळवीत बोस्टनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत व्याख्याने देत हिंडल्या. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे 'युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक त्या भ्रमंतीचे फळ आहे. एका परक्या, एकट्या स्त्रीला असा खंडप्राय प्रवास करता आला, त्यामागे गावोगावी पोहोचलेले रूळ होते. आज कोणी अभ्यासक त्यांच्या मार्गाने जाऊ म्हणेल, तर त्याला बहुतेक ठिकाणी मोटारच भाड्याने घ्यावी लागेल.

परंतु वैभवाबरोबर द्वेषही वाढला होता, हे विसरून चालत नाही. रेल्वे कंपन्यांनी सरकारकडून सुमारे १३ कोटी एकर जमीन मिळविली, शेतकऱ्यांकडून मन मानेल तसे भाडे उकळले, विधिमंडळे खिशात घातली. फ्रँक नॉरिस यांच्या 'द ऑक्टोपस' (१९०१) या कादंबरीचे नावच लोकभावना सांगून जाते. या भावनेतून १८८७ मध्ये आंतरराज्य व्यापार आयोग स्थापन झाला आणि भाड्यापासून गाडी बंद करण्यापर्यंत अनेक गोष्टींवर हळूहळू सरकारी नियंत्रण आले. पुढे रेल्वे दुबळी झाली तरी जनमानसातील तिची प्रतिमा मात्र त्या गब्बर आठपायी प्राण्याचीच राहिली. मरणाऱ्याविषयी वाटावी ती कणव तिच्या वाट्याला आली नाही. ऱ्हासाच्या कारणांत हे कारण सहसा मोजले जात नाही; मला ते महत्त्वाचे वाटते.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण असल्याने गाड्या तुडुंब भरल्या. प्रवास कमी व्हावा म्हणून उतारूंच्या तिकिटावर कर बसविण्यात आला. युद्ध १९४५ मध्ये संपले, कर मात्र १९६२ पर्यंत चालू राहिला. १९४७ मध्ये आयोगाने असा हुकूम काढला की ताशी ८० मैल किंवा त्याहून अधिक वेगाने जाणाऱ्या गाड्यांसाठी इंजिनात सूचना देणारी विशेष यंत्रणा हवी. हेतू सुरक्षिततेचा होता आणि चांगला होता. पण त्यासाठीचा खर्च बहुतेक कंपन्यांनी केला नाही, आणि ताशी ७९ मैल ही मर्यादा देशातील बऱ्याच मार्गांवर आजतागायत टिकून आहे. 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड' ही नामांकित गाडी १९३८ मध्ये न्यूयॉर्कहून शिकागोला सोळा तासांत पोहोचत असे. ती १९६७ मध्ये बंद पडली. आज त्या दोन शहरांमध्ये 'लेक शोर लिमिटेड' धावते. तिला सुमारे वीस तास लागतात.

१९६७ याच वर्षी टपाल खात्याने आपले बहुतेक टपाल गाड्यांवरून काढून घेतले. ही घटना दिसायला क्षुल्लक, परिणामाने भयंकर. टपालाचा चालता डबा, ज्यात कर्मचारी रात्रभर पत्रे वेगळी करीत, हा अनेक गाड्यांचा खरा पोशिंदा होता. उतारूंचे भाडे वरकड. तो आधार जाताच कंपन्यांनी एकामागून एक गाड्या बंद करण्यासाठी अर्ज केले. न्यूयॉर्क सेंट्रल आणि पेनसिल्व्हेनिया या जुन्या वैरिणी १९६८ मध्ये एक झाल्या आणि १९७० मध्ये दिवाळखोरीत निघाल्या. त्याच वर्षी कायदा होऊन १ मे १९७१ रोजी 'ॲमट्रॅक' हे सरकारी पाठबळाचे महामंडळ उतारूंच्या गाड्या चालवू लागले. त्या एका दिवसात चालू गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास गाड्या कायमच्या थांबल्या. उरलेल्याही चार-दोन वर्षांत सुखाने मरतील, असा अनेकांचा कयास होता. त्या मेल्या नाहीत, हीच या कथेतील अनपेक्षित गोष्ट.

मात्र १९५६ हे वर्ष मी मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण तेथे थांबणे आवश्यक आहे. आगगाडीच्या जुन्या दिवसांविषयी हळवे होऊन लिहिणारे लेखक अमेरिकेत पुष्कळ आहेत: पांढरीशुभ्र चादर, चांदीचे चमचे, अदबीने वाकणारा कृष्णवर्णी सेवक. त्या सेवकाला स्वतःचे नाव असते हेही बहुतेक उतारूंना मान्य नसे. पुलमन कंपनीच्या मालकाच्या नावावरून सर्वांना 'जॉर्ज' अशीच हाक मारली जाई. याच सेवकांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये संघटना उभारली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करणे भाग पाडले. याच सेवकांनी 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे गठ्ठे दक्षिणेत पोहोचविले, आणि ते वाचून लक्षावधी माणसे त्याच रुळांवरून उत्तरेकडे निघाली. वंशभेदाला घटनात्मक आधार देणारा १८९६ चा कुप्रसिद्ध निवाडा एका रेल्वे डब्याबद्दलचाच होता. होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसले, एवढाच त्यांचा गुन्हा. भोजनयानात पडदा लावून वेगळी मेजे मांडण्याची चाल १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरविली, आणि अखेर आयोगाच्या आदेशाने १० जानेवारी १९५६ पासून आंतरराज्य गाड्यांतील वेगळे डबे संपले.

त्याच वर्षी, २९ जून रोजी, महामार्गांचा कायदा झाला. ४१,००० मैलांचे रस्ते, त्यांच्या खर्चाचा नव्वद टक्के भार केंद्रावर. गाडीचा डबा सर्वांना खुला होतो आणि सहा महिन्यांच्या आत देश आपली सारी शक्ती खाजगी मोटारीच्या मागे उभी करतो. एकातून दुसरे निघाले असे मी म्हणत नाही; महामार्गाचा विचार कितीतरी आधीपासून चालू होता आणि त्याची कारणे निराळी होती. तरीही या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मन अस्वस्थ होते. डबा ही अनोळखी माणसाशेजारी बसण्याची सक्ती आहे. आपल्याकडे आगगाडी आली तेव्हा जातीजातींनी एका बाकावर कसे बसावे यावर किती चर्चा झाली, हे एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. गर्दीने आपल्याकडे तो प्रश्न पुरता सोडविला नाही, पण पुष्कळ बोथट केला. अमेरिकेत ती सक्ती सर्वांवर सारखी लागू झाली आणि नेमक्या त्याच वेळी ती टाळण्याचे साधन सरकारी खर्चाने उपलब्ध झाले.

येथे 'अनुदान' या शब्दाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ॲमट्रॅकवर टीका करणारे तिला पोसावे लागते असे म्हणतात. खरे आहे. पण महामार्गाचा निधी पेट्रोलवरील करातून स्वावलंबी राहील अशी जी योजना होती, ती केव्हाच कोलमडली. २००८ पासून त्यात सामान्य तिजोरीतून वारंवार अब्जावधी डॉलर ओतावे लागले आहेत. रस्त्यावर खर्च झाला की ती गुंतवणूक ठरते, रुळांवर झाला की तोटा. भाषेच्या अभ्यासकांनी तरी या शब्दयोजनेकडे लक्ष द्यावे.

आजची स्थिती विचित्र आहे. ॲमट्रॅकने २०२४ च्या आर्थिक वर्षात ३ कोटी २८ लाख उतारू वाहिले. तो तोवरचा तिचा उच्चांक होता. भारतीय रेल्वे दोन दिवसांच्या आत एवढी माणसे नेते. या उतारूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक बोस्टन ते वॉशिंग्टन या एकाच पट्ट्यातले. तेथे गाडी विमानाला खरी टक्कर देते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ताशी १६० मैल वेगाच्या नव्या गाड्याही आल्या. बाकीच्या देशाचे काय? ओहायोची राजधानी कोलंबस येथे १९७९ पासून गाडी नाही. फीनिक्स हे देशातील पहिल्या पाच शहरांपैकी एक. तेथे १९९६ पासून नाही. वायोमिंग आणि साउथ डकोटा या राज्यांत तर एकही नाही. सिनसिनाटीचे १९३३ सालचे प्रचंड घुमटाकार स्थानक आता संग्रहालय झाले आहे. आठवड्यातून तीनदा, मध्यरात्रीनंतर, त्याच्या एका कोपऱ्यात गाडी येते. सेंट लुइसच्या स्थानकाचे हॉटेल झाले. न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ पासून पाडले गेले, आणि त्या हळहळीतून १९६५ मध्ये वास्तुरक्षणाचा कायदा झाला, हे खरे. पण इमारत वाचविणे आणि गाडी वाचविणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अमेरिका पहिलीत अधिक यशस्वी ठरली.

काही वर्षांपूर्वी शिकागोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या एका गाडीने मी दोन दिवस प्रवास केला. दुपारी एका ओसाड जागी गाडी बाजूच्या रुळावर थांबली आणि सुमारे तासभर उभी राहिली. मग मालगाडी आली, संपता संपेना. हे नित्याचे आहे. पट्टा सोडला तर बहुतेक रूळ मालवाहू कंपन्यांच्या मालकीचे. उतारूंच्या गाडीला आधी वाट द्यावी असा कायदा १९७३ पासून आहे, पण तो मोडला तर दाद मागण्याचा अधिकार केवळ केंद्राच्या न्याय खात्याला, आणि त्याने तो क्वचितच वापरला आहे. शिवाय मालगाड्या आता दोन-दोन मैल लांब असतात. बाजूच्या रुळावर त्या मावत नाहीत. मावते ती उतारूंची गाडी, म्हणून थांबते तीच. माझ्या समोर एक आमिश कुटुंब बसले होते. धर्मनियमांमुळे ही मंडळी मोटार बाळगत नाहीत आणि विमानाने जात नाहीत. पलीकडे एक वृद्ध बाई होत्या. मोठ्या शहरातील रुग्णालयात तपासणी करून दोनशे मैलांवरील गावी परत चालल्या होत्या. विलंबाबद्दल कोणी कुरकुरले नाही. पर्यायच नसला की माणसे कुरकुरत नाहीत.

दूर पल्ल्याच्या गाड्यांवर आक्षेप घेणारे नेहमी पहिल्या आणि शेवटच्या स्थानकाचा हिशेब करतात: शिकागो ते सिॲटल दोन दिवस, विमानाने चार-साडेचार तास. पण त्या बाईंसारखे उतारू मधल्या स्थानकांवर चढतात आणि मधल्याच स्थानकांवर उतरतात. त्यांच्या गावाला विमानतळ नसतो, आणि त्यांच्या वयाला मोटार झेपत नाही. टोकांवरून मधल्याची किंमत करणे ही हिशेबाची चूक आहे, आणि ती चूक गेली पन्नास वर्षे अर्थसंकल्पाच्या प्रत्येक वादात नव्याने केली जाते.

२०२१ च्या कायद्याने रेल्वेसाठी ६६ अब्ज डॉलर मंजूर झाले. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००८ मध्ये अतिवेगवान मार्गाला कौल दिला होता. त्याचे खांब दऱ्याखोऱ्यांत नव्हे, सपाट शेतांत उभे राहत आहेत, आणि २०२५ मध्ये केंद्राने त्याचा सुमारे ४ अब्जांचा निधी काढून घेतला. फ्लॉरिडात एका खाजगी कंपनीने २०२३ मध्ये मायामीहून ऑर्लँडोपर्यंत गाडी नेली. या बातम्यांनी हुरळून जावे असे मला वाटत नाही. मला अधिक बोलकी वाटते ती एक लहान बातमी. ऑगस्ट २००५ मध्ये कॅट्रिना वादळाने मेक्सिकोच्या आखाताकाठचे रूळ उखडले. मालवाहू कंपनीने ते काही महिन्यांत पुन्हा घातले. न्यू ऑर्लीन्सहून पूर्वेकडे जाणारी उतारूंची गाडी मात्र थांबली ती थांबलीच. वाटाघाटी झाल्या, तंटा झाला, सुनावण्या झाल्या. अखेर १८ ऑगस्ट २०२५ रोजी न्यू ऑर्लीन्स ते मोबील ही सुमारे १४५ मैलांची गाडी सुरू झाली. मधल्या गावांतील लोक फलाटांवर जमले होते. मोबीलच्या पुढे फ्लॉरिडाकडे जाणारे रूळ जागेवर आहेत. त्यांच्यावरून मालगाड्या जातात.