मनिला, मॅनर्स आणि मान्सून

‘मुंबईत राहणाऱ्याला मनिलाची कसली भीती?’ जुलैमध्ये एका असाइनमेंटसाठी निघताना मी सगळ्यांना हेच ऐकवत होते. आणि खरं सांगते मंडळी, पहिले दोन दिवस माझंच बरोबर ठरलं. तोच चिकट उकाडा, तसंच ट्रॅफिक, ट्रेनला तशीच गर्दी. तिसऱ्या दिवशी मलाते भागात धो धो पाऊस झाला, रस्त्यावर घोट्याच्या वर पाणी साचलं आणि मी काय केलं? आपण दादर-परळला करतो तेच. जीन्स वर दुमडली, पायात फ्लोटर्स होतेच, छपाक छपाक करत हॉटेल गाठलं!

रिसेप्शनवरच्या मुलीने माझे पाय पाहिले आणि तिचा चेहराच उतरला. कुठे खरचटलंय का, आधी साबणाने पाय धुवा, उद्या सकाळी डॉक्टरकडे जा... सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. मी हसले. तशी ती म्हणाली, ‘‘तुमच्या मुंबईतही पूर येतो ना? मग तुम्हाला माहीत कसं नाही?’’

माझं हसू तिथेच थांबलं. कारण मला माहीत होतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने माणसं गेली. मनिलाचा तसाच दिवस म्हणजे २६ सप्टेंबर २००९. ‘ओन्दोय’ वादळात २४ तासांत ४५५ मिलिमीटर पाऊस, आणि मग तिथेही लेप्टोची साथ. उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायावरच्या एवढ्याशा जखमेतून आत शिरतात. म्हणून पाऊस सुरू झाला की मॉलमध्ये बसा, कॉफी प्या, पाणी उतरू द्या. मीटिंग चुकली तर चुकली. पाण्यात उतरावंच लागलं, तर पाय धुऊन डॉक्टर गाठा. ते बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात, पण ती गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. मला काही झालं नाही. पण पुढचे दोन आठवडे पोटरी जरा दुखली तरी पोटात गोळा यायचा!

दुसरा शत्रू डेंगी. त्याचा डास दिवसा चावतो, त्यामुळे ओडोमॉस रात्रीपुरतं नाही, सकाळी ऑफिसला निघतानाच लावायचं. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. तिथे ते ‘बायोजेसिक’ या नावाने कुठेही मिळतं. अंग दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन घेऊ नका, डेंगी असला तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणि दोन्ही आजारांची गंमत (?) अशी की ताप बऱ्याचदा घरी पोचल्यावर येतो. तेव्हा पुण्यातल्या डॉक्टरला ‘व्हायरल असेल’ म्हणायच्या आधी ‘मनिलाहून आलेय, पाण्यातून चालले होते’ हे सांगा.

वादळाचा अंदाज देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याचं नाव ‘पागासा’. तगालोगमध्ये या शब्दाचा अर्थ होतो आशा! त्यांचे वाऱ्याचे सिग्नल एक ते पाच असतात. जूनपासून पुढे जाणार असाल तर परतीच्या फ्लाइटच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा.

आता मॅनर्स. इथे आपली मुंबई-पुण्याची सवय सगळ्यात जास्त नडते. पहिल्याच संध्याकाळी टॅक्सीवाल्याने मीटर टाकायला नकार दिला आणि मी आवाज चढवला. आपल्याकडे समोरचाही चढवतो आणि मग कुठेतरी मध्ये जमतं. हा माणूस काही बोललाच नाही. गाडी कडेला घेतली, समोर बघत बसून राहिला. मी मुकाट्याने उतरले. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्रकार मैत्रिणीने मला युक्ती शिकवली. ‘‘कुया, मीटर पो?’’ आणि एक स्माइल. मीटर पडला!

‘कुया’ म्हणजे दादा आणि ‘आते’ म्हणजे ताई. (आत्या नव्हे. मी दोन दिवस मनातल्या मनात आत्याच म्हणत होते.) ड्रायव्हर, वेटर, सिक्युरिटी गार्ड, सगळ्यांना हेच. वाक्याच्या शेवटी ‘पो’ लावला की ते आपल्या ‘अहो-जाहो’सारखं आदराचं होतं. ‘सालामात पो’ म्हणजे धन्यवाद. जीपनीत बसलात तर पैसे ‘बायाद पो’ म्हणत पुढच्याच्या हातात द्यायचे, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात. उतरायचं तर ‘पारा पो!’. घरी बोलावलं तर चपला बाहेर काढायच्या. आजी-आजोबांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, म्हणजे त्यांचा नमस्कार. पाया पडणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

ऑफिसच्या कामाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लिहूनच ठेवा. चारचौघांत कुणाची चूक काढायची नाही. लाज जाणं तिथे फार मनाला लागतं आणि माणूस भांडत नाही, मिटून जातो. ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ असं विचारलंत तर ‘येस मॅम’ हेच उत्तर येणार, कारण तोंडावर ‘नाही’ म्हणणं उद्धटपणा. त्यापेक्षा बाजूला घेऊन ‘किती दिवस लागतील?’ विचारा. नुसत्या भुवया वर झाल्या तर ते ‘हो’ असतं, तुमच्यावर रोखलेलं प्रश्नचिन्ह नव्हे. संध्याकाळी कॅराओकेला नेतील, जा. पण कुणाच्या बेसूर गाण्याला हसू नका. फ्रँक सिनात्राच्या ‘माय वे’वरून तिथे झालेल्या भांडणांत खून पडल्याच्या बातम्या इतक्या आल्या, की कित्येक बारनी ते गाणंच यादीतून काढलं होतं. चेष्टा नाही!

तुम्हाला कुणी ‘बुंबाय’ म्हटलं तर रागावू नका. आपण मुंबईचे असलो-नसलो तरी भारतीय म्हणजे बुंबाय. मोटरसायकलवरून फिरणारे आपले सावकार पाच देतात आणि सहा घेतात, त्या धंद्याला नावच ‘फाइव्ह-सिक्स’. जेवत नाहीस तर बुंबाय नेईल, अशी भीती पोरांना दाखवायचे. कांद्यालाही ‘सिबुयास बुंबाय’ म्हणतात, म्हणजे आपला मान तसा दोन्हीकडे आहे.

शाकाहारी मित्रमैत्रिणींनो, ‘नो मीट’ एवढ्यावर भागत नाही. भाजीत कोळंबीची आंबवलेली पेस्ट (बागोओंग) आणि माशाचा सॉस (पातिस) बिनदिक्कत असतो. ‘वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस, वालांग बागोओंग पो’ हा मंत्र पाठ करा. नळाचं पाणी पिऊ नका, रस्त्यावरच्या बर्फापासून लांब राहा. आंबा मात्र बिनधास्त खा. हापूसपेक्षा गोड आहे का? या प्रश्नावर मी कॉलम गमावणार नाही.

टॅक्सीपेक्षा ग्रॅब बरी. आधी भाडं कळतं, वाद नाही. एअरपोर्टचे टर्मिनल एकमेकांपासून लांब आहेत, तेव्हा तिकिटावरचा नंबर नीट बघून ठेवा. रिझाल पार्क किंवा इन्त्रामुरोसमध्ये फारच गोड अनोळखी माणसं ‘चला, आमच्या घरी जेवायला’ म्हणाली तर नम्रपणे नाही म्हणा. पेयात झोपेचं औषध घालून कार्ड रिकामं करणाऱ्या टोळ्यांना तिथे ‘अतिवान गँग’ म्हणतात. एकट्याने ड्रिंक सोडून उठू नका, मुलांनीही. इमर्जन्सी नंबर ९११.

उरलेलं पटकन. जून २०२५ पासून भारतीयांना फिरण्यासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, पण ती मुदत वाढत नाही. कामासाठी जाणाऱ्यांनी ट्रॅव्हल डेस्कला आधी विचारावं. विमान पोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हल फॉर्म भरा. तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट खोटी समजा. प्लग चपट्या दोन पिनांचा लागतो. सुट्टे पेसो जवळ हवेत. गुड फ्रायडेच्या आसपास शहर जवळपास बंद असतं.

आणि हो, काहीतरी खाऊ न्या! प्रवासातून आणलेल्या खाऊला ते ‘पासालुबोंग’ म्हणतात. मी बाकरवडी नेली होती. शेवटच्या सकाळी एक पाकीट त्या रिसेप्शनवरच्या मुलीला दिलं. तिने ते तिथेच फोडलं, दोन्ही गार्डना दिली, लिफ्टमनला दिली आणि मग ‘काइन पो’, म्हणजे ‘या, खायला’ म्हणत माझीच बाकरवडी मला दिली. दुसरी घेताना मात्र तिची नजर माझ्या पायांकडे गेली. बूट घातले होते!