चाकण ते जर्मनी, मार्गे इंग्रजी

माझा आतेभाऊ आयटीआय केलेला मशिनिस्ट आहे. म्हाळुंग्याच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. मागच्या वर्षी त्याने जर्मनचा क्लास लावला. सेकंड शिफ्ट असली की सकाळची बॅच, फर्स्ट असली की संध्याकाळची, नाइट असली की डोळे चोळत जमेल ती. फी दोन हप्त्यांत भरली. दुसरा हप्ता आत्याने भिशीच्या पैशातून दिला.

एका रविवारी तो निगडीला माझ्याकडे आला आणि वही पुढे टाकली. एकाच वाक्यावर तीन वेळा लाल काट मारलेली. ‘वाइल इश बिन हॉयटे क्रांक.’ त्याला म्हणायचं होतं, कारण मी आज आजारी आहे. समासात त्याने सुवाच्य अक्षरात इंग्रजी नियम उतरवला होता, सबॉर्डिनेट क्लॉजमध्ये व्हर्ब शेवटी जातं.

“सबॉर्डिनेट म्हणजे हाताखालचा ना?” त्याने विचारलं. “हाताखालचा माणूस शेवटी, हे मला कंपनीत कळलंय. पण क्रियापद शेवटी का?”

मी म्हटलं, नियम सोड. हेच वाक्य मराठीत बोल.

“कारण मी आज आजारी आहे.”

आता याच क्रमाने जर्मन शब्द ठेव. वाइल म्हणजे कारण. इश म्हणजे मी. हॉयटे म्हणजे आज. क्रांक म्हणजे आजारी. बिन म्हणजे आहे. ‘वाइल इश हॉयटे क्रांक बिन.’

तो वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हे तर आपल्यासारखंच आहे की. मग क्लासमध्ये उलटं उलटं काय म्हणतात?”

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. उलटं, पण कुणापासून?

इंग्रजीपासून. आपल्या पट्ट्यातल्या परकीय भाषेच्या वर्गात मूळ गृहीतक असं असतं की समोर बसलेल्या पोराच्या डोक्यात इंग्रजी आहे आणि त्यावर जर्मन किंवा जपानी चढवायची आहे. म्हणून नियम इंग्रजीतून, अर्थ इंग्रजीतून, तुलना इंग्रजीशी. समोरचा मात्र खेड, मंचर, नाहीतर लातूरहून आलेला, मराठी माध्यमात दहावी आणि मग आयटीआय केलेला. त्याने वर्गात आधी मराठीतलं इंग्रजी करायचं आणि मग इंग्रजीचं जर्मन. एसटीच्या पाटीवर ‘मार्गे’ लिहितात तसं. चाकण ते जर्मनी, मार्गे इंग्रजी. फरक एवढाच की एसटी फाट्यावर वळते ती वाटेतल्या गावची माणसं घ्यायला. इथे वळण घेऊन निम्मी माणसं उतरवली जातात.

माझं म्हणणं सरळ आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये जर्मन आणि जपानी मराठीतून शिकवली पाहिजे. अस्मितेसाठी नाही. या दोन्ही भाषा शिकायला लागणारं बरंचसं सामान मराठी माणसाच्या डोक्यात आधीच भरलेलं आहे आणि इंग्रजीत ते नाही, म्हणून.

थंडीचं उदाहरण घ्या. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी ‘आय ॲम कोल्ड’चं भाषांतर करतो आणि ‘इश बिन काल्ट’ म्हणून बसतो. जर्मन माणसाला त्यातून कळतं की हा माणूसच थंड आहे. बरोबर वाक्य आहे ‘मिअर इस्ट काल्ट’. मिअर म्हणजे मला. आपण ‘मी थंड आहे’ म्हणतो का? ‘मला थंडी वाजते’ म्हणतो. ‘दास गेफेल्ट मिअर’ म्हणजे ‘हे मला आवडतं’. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता होऊन पुढे बसतो. मराठीत आणि जर्मनमध्ये तो ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. शाळेत स-ला-ते घोकलेल्या पोराला चतुर्थी ठाऊक आहे. त्याला ती ‘डेटिव्ह केस’ या नावाने इंग्रजीतून नव्याने विकली जाते.

लिंगं तीन. देअर, दी, दास. तो, ती, ते. इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही, हिंदीत नपुंसकलिंग नाही. आपल्याकडे ते मूल आहे, जर्मनमध्ये ‘दास किंट’ आहे. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं, हा नियम जर्मनच्या वर्गात फळ्यावर लिहून देतात. माल पुल्लिंगी, पण मालगाडी स्त्रीलिंगी, कारण गाडी स्त्रीलिंगी. हे आपल्याला कुणी शिकवलं होतं? चाकणला २००९ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याचं नावच बघा. फोल्क म्हणजे लोक, वागन म्हणजे गाडी. लोकांची गाडी, षष्ठी तत्पुरुष. कंपनीच्या बसमधून रोज त्या पाटीखालून जाणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी एवढं सांगितलं तरी तो दुसऱ्या दिवशी वर्गात येईल.

आकडे घ्या. जर्मन पंचवीसला ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’ म्हणतात. पाच आणि वीस. आपणही पंचवीसच म्हणतो, आधी पाच, मग वीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा ‘एकवीस’साठी भांडलेली पिढीच आज जर्मनच्या वर्गात ‘नंबर्स आर रिव्हर्स्ड’ असं निमूट लिहून घेते.

आणि उच्चार? जर्मनमध्ये वेळेला ‘त्साइट’ म्हणतात. त्यातला ‘त्स’ इंग्रजीवाल्यांना घोटून घ्यावा लागतो. चाकणचा पोरगा स्वतःच्या गावाचं नाव घेताना तोच उच्चार करतो. चाकण, चाक, चूल यांतला च. त्याला फक्त सांगायचं आहे की तुझ्या गावातला च तिथे चालतो.

जपानीत तर हे प्रकरण आणखी पुढे जातं. ‘पुणे कारा चाकान मादे बासु दे इकिमासु.’ पुण्याहून चाकणपर्यंत बसने जातो. कारा म्हणजे हून, मादे म्हणजे पर्यंत, दे म्हणजे ने. शब्दाखाली शब्द ठेवा, एकही हलवावा लागत नाही. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे, आणि मिरु म्हणजे खरोखरच बघणे. ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे, आणि ओकु म्हणजे ठेवणे. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे. इंग्रजीतून हे समजावायला प्रत्येकी पाऊण पान लागतं. मराठीतून एक ओळ. त्यांची अक्षरमालाही अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशी चालते. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिथे रुजला. आपली पोरं मात्र तो रोमन लिपीतून पाठ करतात.

आता खरा मुद्दा, पैशाचा आणि पोटाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. जपानने २०१९ मध्ये ‘तोकुतेइ गिनो’ नावाचा कुशल कामगारांचा व्हिसा सुरू केला, २०२१ मध्ये भारताशी त्याबद्दल करार केला, आणि त्याला भाषेची साधारण एन-फोर पातळी लागते. हे सगळं कुणासाठी आहे? इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, वेल्डर, नर्स यांच्यासाठी. मराठी माध्यमातल्या आणि आयटीआयच्या पोरापोरींसाठी. आणि भाषेच्या वर्गाच्या दारात आपण त्यांचं काय तपासतो? इंग्रजी. करार वेल्डरच्या नावाने होतो आणि क्लास माझ्यासारख्या इंजिनिअरला सोयीचा असतो.

हे मी स्वतःवरून सांगतो. मी इंजिनिअरिंगला असताना जर्मन ए-टूपर्यंत केलं, चांगल्या मार्कांनी. आज हिंजवडीत कोड लिहितो, आणि मला जर्मनमध्ये चहासुद्धा धड मागता येत नाही. तेव्हा माझं जर्मन चांगलं नव्हतं, इंग्रजी चांगलं होतं. नियम पटकन कळायचे, गाळलेल्या जागा भरता यायच्या. आतेभावाला माझ्यापेक्षा कान चांगला आहे, पाठांतर चांगलं आहे, गरज तर कितीतरी मोठी आहे. तरी वर्गात हुशार मी ठरलो असतो आणि ढ तो. परीक्षेत इंग्रजी लागतं म्हणावं तर तेही नाही. गोएथे संस्थेच्या बी-वनच्या पेपरात सूचनासुद्धा जर्मनमध्ये असतात. इंग्रजीची गरज फक्त आपल्या वर्गात आहे.

यावर तीन उत्तरं ऐकू येतात.

पहिलं, परकीय भाषा त्याच भाषेतून शिकवावी, मध्ये कुठलीच भाषा नको. तत्त्व मान्य. या डायरेक्ट मेथडचं नाव ज्या बर्लिट्झशी जोडलं जातं, त्याने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शाळा काढली. जिथे विद्यार्थ्यांना जोडणारी एक भाषा नसते, तिथे ही पद्धत सोन्यासारखी. पण आपल्याकडे हे तत्त्व तोंडी लावण्यापुरतं असतं. पोराला अडलं की मास्तर जर्मनमध्ये समजावत नाहीत, इंग्रजीत समजावतात. मग मधली भाषा आहेच. ती कुठली असावी, एवढाच वाद आहे.

दुसरं, वर्गात सगळे मराठी कुठे असतात? खरं आहे. चाकणच्या बॅचमध्ये बिहारचा पोरगा असतो, कलबुर्गीचा असतो. पण हिंदीतही क्रियापद शेवटी येतं, ‘मुझे’ आहे, ‘खाकर देखना’ आहे. कन्नडमध्येही क्रियापद शेवटीच. त्या वर्गात सगळ्यात परका कुणी असेल तर तो इंग्रजी वाक्याचा क्रम आहे.

तिसरं, इंग्रजी आलंच पाहिजे. यायलाच हवं. पण ते वेगळं शिकवा. प्रत्येक रस्त्यावर त्याचा टोलनाका कशाला?

मराठी ही जादूची कांडी नाही, हेही सांगून टाकतो. जर्मन साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं, तिथे मराठी मदत करत नाही. आपल्याकडे द्वितीयेलाही ‘ला’ आणि चतुर्थीलाही ‘ला’, त्यांच्याकडे रूपं वेगळी. सूर्य आपल्याकडे तो, त्यांच्याकडे ती. कांजी तर घोटावीच लागते. पण कुठे मदत होते आणि कुठे ठेच लागते, हे सांगणाराच शिक्षक. त्यासाठी त्याने एकदा मराठीच्या बाजूने त्या भाषेकडे बघायला हवं. ही चूक एकट्या शिक्षकांची नाही. तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाला कुणी मराठीतून टिपणं काढायला वेळ देत नाही. तो वेळ सरकारने आणि क्लासवाल्यांनी विकत घ्यायला हवा.

साधनं म्हणाल तर कंपनीच्या भिंतीवर टांगलेली आहेत. माझे वडील भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं होते. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे फाइव्ह-एसचे पाच शब्द त्यांना अजून तोंडपाठ आहेत. काइझेन, कानबान, गेम्बा, मुदा, पोका-योके हे शब्द इथला ऑपरेटर चहाच्या टपरीवर वापरतो. जपानीचा पहिला धडा ‘हे पेन आहे’पासून कशाला? त्या पाटीपासून सुरू करा. सेइरी आणि सेइतोन यांच्यात एक कांजी सामाईक आहे, सेइसो आणि सेइकेत्सु यांच्यात दुसरी. उच्चार एकच, चिन्हं दोन. मुदा आणि मुरीमधला ‘मु’ म्हणजे नाही, आपल्या निरुपयोगीतल्या ‘निर्’सारखा. एका तासात चार-पाच कांजी होतील, आणि पोराला वाटेल की मी शून्यावर नाही.

जर्मनच्या वर्गात शिफ्ट बदलताना होणारं बोलणं घ्या. कुठलं मशीन बंद आहे, किती पीस झाले, कोण आलं नाही आणि का नाही. त्या ‘का नाही’मध्ये ‘वाइल’ आपोआप येतो. रोज एक मिनिटाचा व्हॉइस नोट ग्रुपवर टाकायला लावा. जपानीची जेएलपीटी परीक्षा बोलणं तपासतच नाही, तिथे तर हे जास्तच हवं, कारण फ्लोअरवर पर्यायांवर टिक करून चालत नाही. आणि प्रत्येक नव्या वाक्याखाली, शब्दाखाली शब्द, मराठी वाक्य लिहा. यात खर्च फक्त शाईचा आहे.

त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या हायडेलबर्ग विद्यापीठात गुंथर सोन्थायमर नावाचे अभ्यासक होते. १९९२ मध्ये गेले. खंडोबा आणि बिरोबा समजून घ्यायला ते धनगरांमध्ये हिंडले, आणि त्यासाठी मराठी शिकले. धनगरांना आधी इंग्रजी शिकून या म्हणाले नाहीत.

आतेभावाने क्लास मध्येच सोडला. शिफ्टचं कारण सांगितलं, पण मला माहीत आहे की लाल काटांचं होतं. फी परत मिळाली नाही. आता रविवारी तो माझ्याकडे येतो, आम्ही दोघं मराठी वाक्याखाली जर्मन शब्द मांडत बसतो. मी शिक्षक नाही, हे सगळं मी कितपत पुढे नेऊ शकेन ठाऊक नाही. परवा नाइटच्या ब्रेकमध्ये त्याचा व्हॉइस नोट आला. मागे प्रेसचा धडधडाट. “मिअर इस्ट काल्ट.” आणि मग मराठीत, “इथले पंखे बंद करायला कुणाला सांगायचं, ते पण शिकव.”