न पाहिलेल्या दृश्याची आठवण

परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक माणसांच्या मनात एकच आठवण असावी आणि नोंदींशी ताडून पाहता ती खोटी निघावी, या प्रकाराला ‘मंडेला परिणाम’ असे नाव पडले आहे. नेल्सन मंडेला १९८०च्या दशकात तुरुंगातच वारले असे छातीठोकपणे सांगणारी माणसे निघाली, त्यावरून अमेरिकेतील फिओना ब्रूम यांनी हे नाव रूढ केले. वस्तुतः मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले, १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर २०१३ रोजी निवर्तले. तेथील वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांचा १९७७ मध्ये कोठडीत झालेला मृत्यू, त्यांच्यावरचा १९८७चा चित्रपट आणि मंडेलांचा दीर्घ कारावास यांची मनात सरमिसळ झाली असावी, हा तर्क पटण्याजोगा आहे. ज्यांना तो पटत नाही त्यांच्या मते स्मृती चुकलेली नसून वास्तवच मागाहून बदलले आहे, आणि त्यासाठी ह्यू एव्हरेट यांच्या १९५७च्या मताचा, म्हणजे पुंजभौतिकीतील प्रत्येक शक्यता वेगळ्या विश्वशाखेत प्रत्यक्षात येते या कल्पनेचा, हवाला दिला जातो. मात्र त्याच मतानुसार एकदा फुटलेल्या शाखांचा एकमेकींशी व्यवहार उरत नाही, ही अडचण सोयीस्करपणे गाळली जाते.

मंडेलांच्या बाबतीत कोणी, कधी, काय ऐकले याचा हिशेब लागत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका घटनेत तो बराचसा लागतो. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, रविवारी संध्याकाळी, एल अल कंपनीचे मालवाहू बोईंग ७४७ विमान त्या शहराच्या बेल्मरमेअर भागातील बहुमजली इमारतींवर कोसळले आणि ४३ जणांचे प्राण गेले. विमान आदळल्याच्या क्षणाचे चित्रीकरण झालेले नव्हते; दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिली ती नंतरची आग, ढिगारा आणि मदतकार्य. काही महिन्यांनी हान्स क्रोम्बाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३ जणांना, त्या क्षणाची चित्रफीत पाहिली होती काय, असा साधा प्रश्न केला, तेव्हा ५५ टक्क्यांनी होकार दिला. पुढच्या पाहणीत कायद्याच्या ९३ विद्यार्थ्यांपैकी ६६ टक्के ‘हो’ म्हणाले, आणि विमान आडवे आदळले की नाक खाली करून, आग लगेच भडकली की काही वेळाने, याचीही उत्तरे त्यांतल्या अनेकांपाशी तयार होती. उद्या साक्षीपुराव्याची पारख करणाऱ्या मंडळींची ही अवस्था! येथे वास्तव बदलले असे म्हणायला जागा नाही. प्रश्नाने चित्रफीत गृहीत धरली, बातम्यांनी आणि ऐकीव वर्णनांनी ती भरून काढली, आणि कोसळते विमान कसे दिसत असेल याची कल्पना सर्वांची साधारण एकाच घडणीची असल्यामुळे चूकही सर्वांची एकच झाली.

भारतीय दर्शनांना हा घोटाळा अपरिचित नाही. न्यायदर्शनाने स्मृतीला प्रमेत, म्हणजे यथार्थ अनुभवात, जागाच दिली नाही, कारण स्मृती संस्कारातून उठते, वस्तूशी तिची गाठ पडत नाही. प्राभाकर मीमांसकांचा अख्यातिवाद याहून नेमका आहे: शिंपला पाहून ‘हे रुपे’ असे वाटते तेव्हा ‘हे’ प्रत्यक्ष असते, ‘रुपे’ स्मरलेले असते, आणि या दोहोंतला भेद ध्यानात न येणे एवढाच तो भ्रम. अ‍ॅमस्टरडॅममध्ये पाहिलेली आग आणि कल्पिलेला आघात यांतला भेद असाच सुटला. आधुनिक मानसशास्त्र याला आठवणीच्या उगमाविषयीची चूक म्हणते, आणि शब्द वेगळे असले तरी निदान तेच आहे.

वास्तव बदलल्याच्या मतात मोठी खोट आहे ती पुढेच. आठवण हीदेखील मेंदूतील एक भौतिक खूण असते. भूतकाळ पालटताना छापील पाने, ध्वनिमुद्रणे आणि सरकारी दफ्तरे झाडून सारी पालटावीत, पण मोजक्या लोकांच्या मेंदूतील खुणा तेवढ्या शाबूत राहाव्यात, असा पक्षपात करणारे कोणते बल कल्पावे, याचे उत्तर कोणी देत नाही.

तरीही स्मृतिदोष म्हटले की सारे उलगडले असे नव्हे. दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिकागो विद्यापीठातील अभ्यासात ४० सुपरिचित चित्रांपैकी ७ चित्रांबाबत पुष्कळांची एकसारखी चूक आढळली. पिकाचू या कार्टून-पात्राच्या कानांची टोके काळी असतात, म्हणून शेपटीचे टोकही काळे आठवावे हे समजण्यासारखे आहे. पण सगळ्या चुका अशा एकाच कारणात बसत नाहीत, आणि उरलेली ३३ चित्रे त्यातून का वाचली, हा प्रश्नही राहतोच.

स्मृतीचा हा प्रश्न या अंकालाही चुकलेला नाही: दिवाळी अंकांत स्मरणलेखांचा भरणा नेहमीच असतो, या अंकातही आहे. जेथे लेखकाची आठवण आणि उपलब्ध नोंद यांचा मेळ बसला नाही, तेथे मजकुरात आठवण जशीच्या तशी ठेवली आहे आणि नोंदीतील तारीख तळटीपेत दिली आहे. अशा तळटिपा दोन ठिकाणी आहेत, आणि त्यांपैकी एका लेखकाला ती मान्य नाही.