अंधाऱ्या हिवाळ्यात शिकणारी लेकरे



या सदरात आपण नेहमी पिकांविषयी, खतांविषयी आणि गुरांविषयी बोलतो. आज घरच्या लेकरांविषयी बोलावयाचे आहे. पूर्वी गावचा मुलगा पुण्यास शिवाजीनगरच्या कृषि महाविद्यालयात लागला की साऱ्या आळीत पेढे वाटत. आता त्याच कॉलेजातून पदवी घेऊन काही मुले, आणि मुलीसुद्धा, पुढील शिक्षणासाठी स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड या उत्तरेकडील देशांत जातात. स्वीडनमध्ये उपसाला गावाजवळ आणि नॉर्वेत ओस या गावी शेतीशास्त्राची मोठी विद्यापीठे आहेत. कोणाला राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळते, तर कोणाचे वडील बँकेकडे जमीन तारण ठेवतात. तिकडे शिक्षण फुकट असते, या जुन्या समजुतीत मात्र राहू नका. आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना डेन्मार्कने २००६ पासून, स्वीडनने २०११ पासून, फिनलंडने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२३ पासून फी लावली आहे.

एवढा पैसा आणि एवढी आशा लावून पाठविलेले लेकरू पहिल्याच हिवाळ्यात खचले तर काय? म्हणून आई-बाप विचारतात, "साहेब, तिकडं थंडी लई असते म्हणं. पोरगं टिकंल का?" माझे उत्तर असे की, थंडीचा बंदोबस्त होतो. खरे जपायचे ते अंधारापासून.

थोडे शास्त्र पाहू. पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेअठरा अंशांवर आहे, तर स्वीडनची राजधानी स्टॉकहोम एकोणसाठ अंशांवर. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला आपला दिवस अकरा तासांचा असतो, तिथला जेमतेम सहा तासांचा. सूर्य सकाळी पावणेनऊला उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला त्रोम्सो शहर आहे. तिथे नोव्हेंबर अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही.

उजेडाची किंमत आपल्याला नवी नाही. शेवंतीला दिवस लहान झाल्याशिवाय कळी धरत नाही, आणि फूल लांबवायचे असेल तर बागायतदार रात्री प्लॉटमध्ये बल्ब लावतात. झाडाला उजेडावरून वेळ कळते, तशी माणसाच्या शरीरालाही कळते. उजेड कमी पडला की झोप बिघडते, अंग जड होते, पुस्तक उघडवत नाही आणि उगाच रडू येते. हा आळस नव्हे आणि भेकडपणाही नव्हे. तिथे जन्मलेल्या माणसांनासुद्धा हा त्रास होतो.

यात एक फसगत आहे. तिकडचे वर्ष ऑगस्टअखेर सुरू होते. तेव्हा दिवस मोठा, झाडे हिरवी, फोटो सुंदर येतात आणि घरचे निर्धास्त होतात. मग दिवस रोज पाच-पाच मिनिटांनी आखडतो. नोव्हेंबरात आभाळ भरलेले, बर्फही टिकत नाही, नुसती ओल आणि काळोख. बर्फ पडून राहिला की त्याच्या पांढरेपणाने थोडे उजळते. तेव्हा पावसाआधी बांधबंदिस्ती करतो, तशी सप्टेंबर-ऑक्टोबरातच रोजची घडी बसवावी. उठण्याची वेळ एकच ठेवावी. दुपारी बारा-एकच्या सुमारास, आभाळ असले तरी, अर्धा तास बाहेर चालून यावे. हिवाळ्यातले तिथले ऊन इतके तिरपे असते की त्याने अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही. ते किती आणि कसे घ्यावे हे डॉक्टरांना विचारावे. तिथली माणसेही अंधारावर दिव्याचाच उपाय करतात. डिसेंबरात स्वीडनमध्ये घरोघरी खिडकीत दिवे लागतात आणि १३ तारखेला लुसियाचा दिव्यांचा सण असतो. आपल्या लेकराने अशा वेळी खोलीत न बसता त्यांच्यात मिसळावे.

आता थंडी. घरे आतून ऊबदार असतात. शहराबाहेरच्या भट्टीत पाणी तापवून ते जमिनीखालच्या नळांतून घरोघर फिरवितात. डेन्मार्कमध्ये अशा काही भट्ट्यांत गव्हाचे काड जाळतात, हे आपल्याकडच्या पाचट पेटविणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. बाहेर पडताना एकच जाड कोट घालण्यापेक्षा तीन थर चांगले: अंगालगत लोकरीचा, त्यावर उबेचा आणि सर्वांत वर वारा-पाणी अडविणारा. अंगालगत सुती कपडा नको, तो घाम धरून गार पडतो. आपल्या धनगराचे घोंगडे भिजले तरी ऊब देते, त्यातले मर्म तेच. कोट पुण्यात घेऊ नये. तिकडे जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगला कोट स्वस्तात मिळतो. बर्फावर न घसरणारे बूट मात्र नवे घ्यावेत. आणि उसाच्या ट्रॉलीमागे लावतो तसा चकाकणारा रिफ्लेक्टर तिथे माणसेही अंगावर लावतात. तो रोज लावावा.

जेवणाचे पाहू. वसतिगृहात बहुधा आठ-दहा जणांत एक स्वयंपाकघर असते. ज्याने त्याने रांधायचे आणि भांडीही स्वतःच घासायची. म्हणून जाण्याआधी वरण, भात, पिठले आणि पोळी मुलीला शिकवाल तशी मुलालाही शिकवा. बटाटा, गाजर, कोबी, ओट आणि दूध तिथे मुबलक. दूधधंदा तर बराचसा शेतकऱ्यांच्याच सहकारी संघांचा आहे. डेन्मार्कमध्ये पहिली सहकारी दूध डेअरी १८८२ साली निघाली. सामानात तूप, पेढे, खव्याचे पदार्थ घालू नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास तिकडे बंदी आहे. कढीपत्ता, बियाणे आणि बहुतेक ताजी फळेही रोगराईच्या भीतीने अडवितात. कोरडा मसाला आणि चटणी द्या.

या वाटेने पूर्वी गेलेल्या एका मुलीची आठवण ठेवण्यासारखी आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, बोटीने अमेरिकेत वैद्यकी शिकण्यास गेल्या. फिलाडेल्फियाची थंडी स्वीडनएवढी नसली तरी बर्फाची. ती थंडी आणि न मानवणारा आहार यांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळविली. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या परक्या मुलखात त्यांना आधार होता तो कार्पेंटर नावाच्या बाईंचा. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. बुद्धी आणि जिद्द कमी नव्हती, शरीर पुरले नाही. आज औषधे आहेत, ऊबदार खोल्या आहेत, फोन आहे. पण शरीर दुर्लक्षून अभ्यास करू नये आणि परक्या गावी एक तरी मावशी जोडावी, हे दोन धडे आजही तितकेच खरे आहेत.

शेवटी घरच्यांचे काम. हिवाळ्यात स्वीडनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. तुम्ही रात्री नऊला फोन करता तेव्हा तिथे साडेचार वाजलेले असतात आणि काळोख पडून दोन तास होत आलेले असतात. तेव्हा "जेवलास का?" एवढेच विचारू नका, त्याला "हो" हेच उत्तर येणार. "आज किती वाजता उठलास? दुपारी बाहेर गेला होतास का? कोणाशी बोललास?" असे विचारा. दोन-तीन आठवडे उत्तरे तुटक येऊ लागली, फोन टळू लागला, तर रागावू नका. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी आरोग्य केंद्र असते. तिथे जा, असे तुम्हीच म्हणा. वडिलांनी म्हटले की मुलाचा संकोच जातो.

आणि जमीन तारण ठेवली आहे, हे दर फोनला ऐकवू नका. त्याला ते ठाऊक आहेच. त्या ओझ्यानेच मुले नापास झालेला पेपर लपवितात आणि एकटी पडतात. पेपर राहिला तर स्वीडनमध्ये पुन्हा परीक्षा देता येते. एक हंगाम गेला म्हणून आपण शेत सोडत नाही.

घरच्या कॅलेंडरवर २२ डिसेंबरला खूण करून ठेवा. त्या दिवसानंतर तिकडचा दिवस पुन्हा वाढू लागतो. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास तो आपल्याएवढा होतो आणि जूनमध्ये अठरा तासांवर जातो. खुणेच्या दिवशी फोन करा आणि सांगा, "बाळा, उद्यापासून उजेड वाढतोय."