मुंबईचे लॉन गावच्या अंगणात कशाला?

कोकणात अलीकडे चाकरमान्यांची चांगली नवी घरे झाली आहेत. आनंदच आहे. पण चिऱ्याच्या गडग्याच्या आत पाहावे, तर सारवलेले खळे जाऊन तिथे हिरवे लॉन आलेले असते आणि कडेने शोभेच्या पामची रांग. ते बघून एखाद्या सरपंचांनाही वाटते, ग्रामपंचायतीसमोर असेच काही करावे. हौसेला मोल नसते म्हणतात. पण मे महिन्यात पाण्याला असते, त्याचे काय?

ही आवड आली परळ-लालबागहून. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि कित्येक गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले. टॉवरच्या पायथ्याशी लॉन, पाम, कारंजे. तिथे पगारी माळी असतो, मोटारीचे पाणी असते. शहराच्या पाठीशी तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे आहेत. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, हा भाग वेगळा! आपल्या वाडीमागे कुठले भातसा धरण आहे?

थोडा हिशेब करू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हात लॉनला दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी लागते. गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर लॉन दिवसाला ५०० लिटर पिते. जलजीवन योजनेत माणशी ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे नऊ माणसांचे पाणी गवताला! मार्च ते मे धरले तर ४६ हजार लिटर झाले.

कोणी म्हणेल, आपल्याकडे पाऊस काय कमी आहे? कमी नाहीच. कुलाब्याला वर्षाला सरासरी २,२०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, रत्नागिरीकडे तीन हजारांच्या वर. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढे आठ महिने कोरडे. त्यात आपला जांभा पाणी धरत नाही, मे महिन्यात विहिरी तळ दाखवतात. गिरगाव काय नि गुहागर काय, हवामानाची जात एकच. म्हणून झाड निवडताना चार महिन्यांची झोड आणि आठ महिन्यांची तहान, दोन्ही सोसणारे हवे.

मुंबईतही सगळे सुरळीत आहे असे नाही. दादरच्या शिवाजी पार्कात उन्हाळ्यात धूळ उडते, ही रहिवाशांची जुनी तक्रार आहे. महापालिकेने पाऊसपाणी जिरवण्याचे काम केले, गवत लावून पाहिले, तरी तक्रार संपली नाही. एवढी मोठी महापालिका जिथे मेटाकुटीस येते, तिथे आपल्या ग्रामपंचायतीने काय करायचे?

मुंबईकडून घ्यायचेच तर चाळींकडून घ्यावे. गिरगाव-लालबागच्या चाळीत गॅलरीच्या कठड्यावर तेलाचे, डालड्याचे रिकामे डबे असत. त्यात तुळस, कोरफड, सदाफुली, अबोली, गवती चहा. नळाला ठराविक वेळीच पाणी, त्यामुळे झाडांच्या वाट्याला तांदूळ धुतल्याचे पाणी येई. तेवढ्यावर ती जगली. लॉन लावणाऱ्या चाकरमान्यांच्या आईवडिलांनीच ती जगवली होती.

तेच शहाणपण अंगणात आणावे. फुलांसाठी देवचाफा, तगर, प्राजक्त, बोगनवेल लावावी. देवचाफा पाने गाळून उन्हाळा काढतो आणि तरी फुलतो. बोगनवेलीला पाणी कमी पडले की बहर उलट जास्त येतो. कुंपणाला अडुळसा, निगडी. कण्हेरही चिवट आहे, पण विषारी. गुरे-वासरे आणि लहान मुले असतील तिथे ती नकोच. सावलीला करंज, बकुळ, समुद्राजवळ उंडी. रस्त्याकडेला बहावा. ओढ्याकाठी ओल असते, तिथे तामण. परसात शेवगा आणि कढीपत्ता, म्हणजे शोभेबरोबर भाजीचीही सोय.

झाड देशी की परदेशी, एवढ्यावर भांडू नये. सदाफुली मादागास्करची, देवचाफा अमेरिकेकडचा, पण दोघेही इथे रुळले. गुलमोहरही मादागास्करचाच. मात्र त्याची मुळे वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ. पावसाळी वाऱ्यात तो पडतो किंवा फांदी तरी मोडतो. शाळेच्या छपराजवळ किंवा विजेच्या तारांखाली तो लावू नये.

आता ग्रामपंचायतींसाठी. २०१६ पासून राज्यात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २०१९ चे लक्ष्य तर ३३ कोटींचे होते. खड्डे झाले, फोटो झाले. पण रोप खरे लागले की नाही, हे कळते दुसऱ्या मे महिन्यात. म्हणून ग्रामसभेत लावलेल्या रोपांचा आकडा वाचून दाखवण्यापेक्षा दोन उन्हाळे काढलेल्या रोपांचा वाचावा. शंभर लावून दहा जगवण्यापेक्षा वीसच लावावी आणि वीसही जगवावी.

त्याला खर्च फार नाही. पहिला पाऊस मुरल्यावर रोप लावा. पावसाळा सरला की आळे करून त्यावर वीतभर पातेरा पसरा. तो जाळू नका, ओल तोच धरतो. मुळाशी बारीक भोक पाडलेले मडके पुरून चार दिवसांनी भरा. पहिले दोन उन्हाळे एवढे केले, तर चिवट जातीची झाडे पुढे आपली आपण जगतात. लॉनला मात्र दर उन्हाळ्यात, रोज पाणी द्यावे लागते.

येत्या पावसाळ्यासाठी रोपे मागवण्याआधी सरपंच आणि ग्रामसेवकांनी एक काम करावे. गावातल्या जाणत्या माणसांना आणि बायकांना विचारावे, गेल्या दहा-वीस वर्षांत पाणी न घालता कोणती झाडे जगली? त्यांची यादी करावी आणि रोपवाटिकेकडे तीच झाडे मागावीत. घर बांधायला आलेल्या चाकरमान्यांनाही ती यादी द्यावी. त्यांना गाव हिरवे हवे आहे, त्यात गैर काही नाही. फक्त ते हिरवे राखण्यासाठी शेजारच्या बाईला मे महिन्यात दुसऱ्या वाडीवर हंडा घेऊन जायची वेळ येऊ नये.